स्टीअरिंगवरचा गिअर आणि आंबा घाट

मंडळी, पाणी, कचरा आणि नगरपरिषद सोडून आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. विषय रस्त्याचाच आहे, पण खड्ड्यांचा नाही.

गेल्या महिन्याभरात चार जणांनी मला मेसेज करून जवळपास एकच प्रश्न विचारला. ऑटोमॅटिक गाडी घेतली आहे, पण स्टीअरिंगच्या मागे गिअर बदलायच्या त्या दोन पट्ट्या, म्हणजे पॅडल शिफ्टर, आमच्या मॉडेलला नाहीत. वरच्या मॉडेलला आहेत. त्या नंतर बसवून मिळतात का? कोल्हापुरात कुणीतरी बसवून देतो म्हणे, खरं का? चौघांपैकी तिघांनी कारणही लिहिलं होतं आणि तिघांचं कारण एकच होतं, आंबा घाट. उतरताना गाडी सुटल्यासारखी वाटते, ब्रेकवर पाय ठेवून ठेवून पोटरी दुखते, साखरप्याला येईपर्यंत करपल्याचा वास येतो. चौथ्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल.

माझ्या पत्रकारितेच्या डिप्लोम्यात गिअरबॉक्स हा विषय नव्हता. त्यामुळे आपल्या इकडच्या दोन गॅरेजवाल्यांना, कंपनीच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या मेकॅनिकला आणि कोल्हापूरच्या एका बसवून देणाऱ्याला जाऊन भेटलो. कायद्याचं पुस्तकही उघडलं. नावं कुणाचीच देत नाही, कारण मुद्दा कुणा एकाचा नाही.

आधी ही पट्टी आली कुठून ते सांगतो. १९८९ साली फेरारीने शर्यतीच्या गाडीत स्टीअरिंगमागे दोन पॅडल बसवली. जॉन बार्नर्ड नावाच्या इंजिनिअरची ती कल्पना. ती गाडी ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत उतरली आणि नायजेल मॅन्सेलने ती जिंकली. शर्यतीत ड्रायव्हरला स्टीअरिंगवरून हात काढायची सवड नसते, म्हणून हा खटाटोप. तिथून ही चैन महागड्या गाड्यांत आली आणि हळूहळू आपल्या बजेटमध्ये. २०२२ साली मारुतीच्या अर्टिगा आणि ब्रेझाच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला पॅडल आली, २०२३ मध्ये ह्युंदाईच्या एक्स्टरसारख्या छोट्या गाडीलाही मिळाली. तेव्हापासून शोरूममधला पोरगा ती दाखवतो, आपण दोनदा टकटक करून बघतो आणि खालचं मॉडेल घेऊन घरी येतो. मग मनात ते राहून जातं.

तसं बघितलं तर गिअर स्टीअरिंगपाशी असणं आपल्याला नवीन नाही. ज्यांनी मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी चालवली किंवा नुसतं पुढच्या सीटवर बसून प्रवास केला, त्यांना स्टीअरिंगखाली आडवा निघालेला तो दांडा आठवत असेल. ॲम्बॅसडरलाही तसाच असायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. चाकरमान्यांच्या घरी अजून त्या दांड्याच्या गोष्टी निघतात. तो दांडा लोखंडी सळ्यांनी थेट गिअरबॉक्सला जोडलेला असे. आताची पॅडल म्हणजे नुसतं बटण. दाबलं की संगणकाला निरोप जातो, गिअर टाकायचा की नाही ते संगणक ठरवतो.

हा फरक लक्षात आला की "बसवून मिळतात का" याचं उत्तर आपोआप सुटायला लागतं. तुमच्या गाडीच्या गिअरचा संगणक बाहेरून आलेला "एक वर, एक खाली" हा निरोप ऐकतो का? गिअरच्या दांड्याला एम लिहिलेली जागा आणि तिथे अधिक-उणे अशा खुणा असतील तर तो ऐकतो, कारण दांडा पुढे-मागे ढकलल्यावर तोच निरोप जात असतो. अशा गाडीत पॅडल बसवायची म्हणजे तोच निरोप दुसऱ्या बटणावरून पाठवायचा. तांत्रिकदृष्ट्या हे जमतं. पण मारुतीच्या जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकसारखी गाडी असेल, जिच्या दांड्यावर डी, २ आणि एल एवढंच आहे, तर तिथे अधिक-उणे ऐकणारं कुणी नाहीच. पॅडल लावाल, तार ओढाल, आणि गाडी ढिम्म. एकाने मला फोटो पाठवला. ऑनलाइन मागवलेल्या लाल ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मागे दुतर्फी टेप. मुळात ज्या गाडीला पॅडल असतात तिची पॅडल लांब दिसावीत म्हणून त्या विकल्या जातात. याच्या गाडीला पॅडलच नव्हती. याने त्या चिकटवल्या आणि नाणीजच्या उतारावर टकटक करत बसला. मी हसलो नाही. म्हणजे फोनवर हसलो नाही.

आता तार कुठून जाते ते बघू, कारण खरी गोम तिथे आहे. स्टीअरिंग फिरतं, तेव्हा त्याच्यावरच्या हॉर्नची, आवाजाच्या बटणांची आणि एअरबॅगची तार तुटू नये म्हणून आत एक चपटी रिबन गुंडाळलेली असते. गॅरेजात तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. पॅडलची तार याच रिबनमधून न्यायची. खालच्या मॉडेलच्या रिबनमध्ये त्यासाठी मोकळी तार असेलच असं नाही. नसेल तर वरच्या मॉडेलची रिबन, कधीकधी अख्खं स्टीअरिंगच, भंगारातल्या गाडीचं आणून लावतात. वर्कशॉपचा स्कॅनर जोडून सॉफ्टवेअरमध्ये "या गाडीला पॅडल आहेत" असं नोंदवावं लागतं, ते कंपनीचं वर्कशॉप सहसा करून देत नाही. मग काही जण बिनतारी किट लावतात. स्टीअरिंगमध्ये छोटा ट्रान्समीटर, त्याला घड्याळासारखा सेल. सेल उतरला की पॅडल मेली, आणि सेल घाटातच उतरणार हे सांगायला ज्योतिषी नको.

हे सगळं करायला आधी स्टीअरिंगच्या मधली एअरबॅग उतरवावी लागते. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे हा प्रश्न साध्यातल्या साध्या गाडीलाही आहे. एअरबॅग ही नुसती पिशवी नाही. तिच्यात गॅस तयार करणारा स्फोटक पदार्थ असतो आणि अपघात झाला की पापणी मिटायच्या आत ती फुगून तुमच्या तोंडासमोर येते. शिकलेला मेकॅनिक आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढतो, मग काही मिनिटं थांबतो, कारण बॅटरी काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये स्फोटापुरती वीज शिल्लक राहते. मी ज्याच्याकडे गेलो होतो त्याला विचारलं, किती वेळ थांबता? तो म्हणाला, "दादा, आपल्याला सवय आहे, थांबायची गरज नाही." हे उत्तर ऐकून मी चहा संपवला आणि निघालो.

त्याहून वाईट गोष्ट वर्कशॉपमधल्या जुन्या मेकॅनिकने सांगितली. काम बिघडलं, रिबन चुकीची बसली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो. तो दिवा विझवायला काही ठिकाणी एअरबॅगच्या तारेत एक रेझिस्टर लावून देतात. गाडीच्या संगणकाला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, तुम्हालाही वाटतं जागेवर आहे. नसते. पॅडलच्या हौसेपायी हा सौदा होत असेल, तर तो किती रुपयांत झाला हे विचारूच नये. मला एका ठिकाणी बारा हजार सांगितले, दुसऱ्या ठिकाणी "बघून सांगतो".

आता घाटाकडे येऊ. चौघे माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,४०० किलो समजा आणि गाडी ३०० मीटर खाली उतरली असं धरा. शाळेतलं गणित आहे, वजन गुणिले उंची गुणिले गुरुत्व. सुमारे ४१ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी वाऱ्यात, टायरांत जाते. बाकीची तुम्ही नुसत्या ब्रेकने अडवलीत तर त्या चार छोट्या ब्रेकांत उष्णता होऊन जाते. एवढ्या उष्णतेत नळाचं बारा-तेरा लिटर पाणी उकळीला येईल. चुलीवर मोठं पातेलं ठेवल्यासारखं ते तुम्ही चाकांत ठेवता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या कोकणातली हवा तर माहीतच आहे. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरलेल्याची मर्यादा १४० अंश धरतात. ऑइलला उकळी फुटली की पायाखालचा ब्रेक स्पंजासारखा आत जातो आणि गाडी थांबत नाही. बदलायची तारीख उलटलेलं ऑइल घालून आंबा घाट उतरणारे किती असतील, ते मोजायला कुणी बसलेलं नाही.

दुसरा मार्ग इंजिनचा. खालच्या गिअरमध्ये गाडी टाकली की चाकं इंजिनाला फिरवायला लागतात, इंजिन त्याला विरोध करतं आणि ती ऊर्जा इंजिनात, रेडिएटरमध्ये जाते. एसटीचे जुने ड्रायव्हर एका वाक्यात सांगतात, ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा. आपली लाल परी पावसाळ्यात धुक्यातून घुर्र घुर्र करत खाली येते ती हेच करत येते. एक गैरसमज इथेच काढून टाकतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढला की लोकांना वाटतं पेट्रोल जळतंय. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल आणि इंजिन वेगात फिरत असेल तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्या इंधन बंदच करतात. उलट पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्यांचं इंजिन स्वतः चालू राहायला इंधन खात असतं आणि वर ब्रेक जळतात. दोन्हीकडून तोटा.

मग ऑटोमॅटिकमध्ये अडतं कुठे? डी मध्ये टाकून तुम्ही उतारावर पाय उचललात की गिअरच्या संगणकाला वाटतं साहेबांना ताकद नको आहे, आणि तो वरचा गिअर टाकतो. नेमकं उलटं. काही नव्या गाड्यांना उतार कळतो आणि त्या खालचा गिअर धरून ठेवतात, पण सगळ्यांना कळत नाही. म्हणून गाडी "सुटल्यासारखी" वाटते. तुमचं वाटणं खरं आहे. पण त्यावरचं औषध बहुतेक गाड्यांत आधीपासून आहे. ते दांड्यावर लिहिलेलं आहे आणि आपण त्याला हात लावत नाही.

एएमटी असेल, म्हणजे २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे जी स्वस्त ऑटोमॅटिक रुजली ती, तर दांडा एम मध्ये घ्या आणि घाट सुरू व्हायच्या आधी उण्याकडे ढकलून तिसरा, मग दुसरा करा. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये २ वर घ्या, फारच तीव्र उतार असेल तर एल. सीव्हीटीमध्ये गाडीप्रमाणे एल किंवा एस असतं, काही हायब्रिडमध्ये बी. घाबरू नका, वेग जास्त असताना फार खालचा गिअर मागितलात तर बहुतेक गाड्यांचा संगणक तो नाकारतो आणि टुंई आवाज करून सांगतो. वेग कमी करून परत मागायचा. विजेच्या गाड्यांचं वेगळं. त्यात मोटरच उलटी वीज बनवून गाडी रोखते आणि काहींना त्यासाठी पॅडलही असतात. फक्त बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागा नसते आणि रोखणं कमी होतं. म्हणजे वर मलकापूर किंवा आंब्याला शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला घेऊ नका.

पॅडल याच कामाला सोयीची आहेत का? आहेत, नाही म्हणत नाही. हात स्टीअरिंगवर राहतो. पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती स्टीअरिंगबरोबर फिरतात. आंबा घाटातल्या इंग्रजी यू सारख्या वळणावर स्टीअरिंग अर्धं फिरलं की उण्याची पट्टी उजव्या हाताकडे येते, आणि घाईत माणूस भलतीच दाबतो. गिअर वळणाआधी उतरवायचा, वळणात नाही, हे दांड्यालाही लागू आणि पॅडललाही. ज्याला हे माहीत आहे त्याचं दांड्यावरही भागतं. ज्याला माहीत नाही त्याला बारा हजारांचं बटण काय शिकवणार?

आणि माहीत नाही यात त्या तिघांचा दोष किती? मी तिघांनाही विचारलं, गाडी ताब्यात देताना एम कशासाठी ते सांगितलं का? एकाला सांगितलं होतं, "स्पोर्टी चालवायचं असेल तर." पेढे दिले, हार घातला, फोटो काढला, ब्लूटूथ जोडून दिलं. घाट कसा उतरायचा ते नाही. रत्नागिरीत गाडी विकताना! या जिल्ह्यातून वर देशावर जायचं तर आंबा नाहीतर कुंभार्ली, मुंबईकडे निघालात तर परशुराम आणि भोस्ते. कशेडीला बोगदा झाला म्हणून तिथला जुना घाट टळतो, बाकी उतार आहेत तसेच आहेत.

ड्रायव्हिंग स्कूलचीही तीच कथा. शिकवायच्या गाड्या साध्या गिअरच्या, रस्ता सपाट, चाचणीत आठ आकडा किंवा रिव्हर्स. आता गंमत बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ वाहन चालवण्याच्या चाचणीबद्दल आहे. उमेदवाराला काय काय यायला हवं त्याच्या यादीत उतारावर गाडी चालवताना चटकन खालच्या गिअरमध्ये येणं, हे स्वच्छ लिहिलेलं आहे. चढावर थांबून गाडी मागे न जाऊ देता पुन्हा काढणंही आहे. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्याला जे सुचलं, ते घाटांच्या जिल्ह्यात राहून आपण विचारत नाही. तुमच्यापैकी कितीजणांच्या चाचणीत उतारावर गिअर खाली घेऊन दाखवा असं सांगितलं होतं? खरंच सांगा, मला मोजायचं आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची नोंद वेगळी पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात ही गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यात रेट्रोफिटिंग हा शब्दही आहे. दोन बटणं म्हणजे आरसीवरचा बदल का? आरसीवर इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, आसनं, रंग असतं, गिअरची बटणं नसतात, त्यामुळे माझ्या समजुतीने निव्वळ बटणासाठी कुणी तुम्हाला हातखंब्याला अडवणार नाही. पण एअरबॅगसकट अख्खं स्टीअरिंग बदललं असेल तर अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर ते बघणार. गाडीतले बदल कंपनीला कळवावेत ही पॉलिसीची अट आपण कुणीच वाचत नाही, तो वाचतो.

आणि आता चौथा मेसेज. आमचे एक निवृत्त सर आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, डावा हात अजून अशक्त आहे. क्लच दाबायला पाय ठीक होता, पण गिअर टाकायला डावा हात उचलेना, म्हणून मुलाने ऑटोमॅटिक घेऊन दिली. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलंय, सर गावात चालवतातही. पण मुलगी कोल्हापूरला. घाटात दांड्याकडे डावा हात जात नाही, म्हणून पॅडल हवीत. चौघांत खरी गरज कुणाची असेल तर यांची.

मी त्यांच्या गाडीत बसून हे बघितलं, तेव्हा जे लक्षात आलं ते सरांनाही तोवर सुचलं नव्हतं. जवळपास सगळ्या गाड्यांत उजवं पॅडल अधिकचं आणि डावं उण्याचं. घाट उतरताना लागतो उणे. म्हणजे सरांनी बाजारातली पॅडल बसवली असती, तर कामाची पट्टी नेमकी त्यांच्या न उचलणाऱ्या हाताखाली आली असती. पैसे गेले असते, एअरबॅग उघडली असती आणि उतार जिथल्या तिथे. त्यांना हवी आहेत दोन्ही बटणं उजवीकडे, आणि ती स्टीअरिंगबरोबर न फिरणारी, कॉलमवर किंवा दारापाशी पक्की बसवलेली. तिथे असतील तर क्लॉक स्प्रिंगला आणि एअरबॅगला हातच लावावा लागत नाही. दांड्याच्या मुळाशी जी अधिक-उण्याची तार आहे तिथूनच जोड घ्यायची. त्यांच्या गाडीला एम आहे, त्यामुळे हे शक्य आहे. फक्त घाट लागायच्या आधी, गाडी थांबवून, दांडा एकदा एम मध्ये घेऊन ठेवायचा. त्याला ते उजवा हात आडवा नेऊन पुरतात, करून बघितलं.

आणि त्यांच्यासाठी कायद्यात दार उघडं आहे. शारीरिक अपंगत्व असलेल्या माणसाच्या वापरासाठी गाडीत बदल करून तिचं "अनुकूलित वाहन" करता येतं, नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी नंतर घेऊन. ही सोय कलम ५२ मध्येच आहे. हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर चालवायची साधनं बसवलेल्या गाड्या याच वाटेने रस्त्यावर येतात. पुण्या-मुंबईत असं काम करणारे लोक आहेत, ते नियमाप्रमाणे करतात आणि कागदही देतात. अडचण ही, की आपल्या एमएच-०८ मध्ये हे विचारायला गेलं तर टेबलावरून टेबलावर फिरावं लागतं. सरांना पहिल्यांदा "असं काही नसतं" हे उत्तर मिळालं, एका एजंटकडून. एजंटला विचारायची वेळ का यावी, हा प्रश्न मी वेगळा लिहीन.

सोमवारी सरांबरोबर मीही जातोय, कलमाची छापील प्रत आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन. त्याच फेरीत दुसरं निवेदन परिवहन अधिकाऱ्यांना आणि महामार्ग विभागाला द्यायचं आहे. एक, नियम १५ मध्ये लिहिलेली उताराची चाचणी प्रत्यक्ष घ्या, आपल्याकडे उतार शोधावा लागत नाही. दोन, आंबा आणि कुंभार्लीच्या माथ्यावर "वाहन गिअरमध्ये ठेवा" अशा सूचनेखाली ऑटोमॅटिकवाल्यांना कळेल अशी एक ओळ घाला: "डी मध्ये उतरू नका, एम, २ किंवा एल वापरा." कोल्हापूर-सांगलीकडून गणपतीपुळ्याला येणाऱ्या निम्म्या गाड्या पहिल्यांदाच हा घाट उतरत असतात, त्यांना दुसरं कोण सांगणार? शोरूमवाल्यांना निवेदन देऊन उपयोग नाही, त्यांच्याशी मी समोर बसून बोलणार आहे.

बाकी तिघांना उत्तर दिलंय. एकाच्या गाडीला एम आहे, रविवारी सकाळी रहदारी कमी असताना त्याला घेऊन निवळीच्या उतारावर जाणार आहे. दुसऱ्याच्या गाडीला २ आणि एल आहे, पॅडल बसणारच नाहीत. तो म्हणाला, मग त्या २ चा अर्थ मला इतकी वर्षं सेकंड गिअरचा बिघाड झाला तर वापरायचा असा वाटत होता. तिसरा ऐकत नाहीये, त्याला पॅडल हवीतच. त्याला एवढंच सांगितलं, बसवून आलास की किल्ली फिरवून डॅशबोर्ड बघ. एअरबॅगचा लाल दिवा आधी लागून मग विझला पाहिजे. लागलाच नाही तर गाडी घेऊन निघू नकोस.